‘प्रिव्हेंट’नंतर ‘टू’ की ‘फ्रॉम’? अडवण्या-रोखण्याची इंग्रजी क्रियापदं वाक्यात कशी बसतात?

अल्पविराम (प्रश्न)

प्रिव्हेंट, स्टॉप, हिंडर, हॅम्पर, ऑब्स्ट्रक्ट, प्रोहिबिट, रिस्ट्रिक्ट. शब्दकोश उघडला की सगळ्यांपुढे तेच तीन-चार अर्थ: अडवणे, रोखणे, अडथळा आणणे, मनाई करणे. अर्थ कळतो, पण वाक्यात घालायची वेळ आली की गाडं अडतं. खालची सात वाक्यं तपासून हवी आहेत. चूक असेल तर नुसती दुरुस्ती नको, का चूक तेही सांगा.

१. द रेन प्रिव्हेंटेड देम टू रीच ऑन टाइम.
२. द गार्ड स्टॉप्ड हिम टू एंटर द हॉल.
३. शी शट द गेट टू प्रिव्हेंट द डॉग फ्रॉम नॉट गोइंग आउट.
४. द नॉइज हिंडर्ड हिम टू स्टडी.
५. धिस सेटिंग प्रिव्हेंट्स द फाइल फ्रॉम डिलीटिंग.
६. व्हिजिटर्स आर रिस्ट्रिक्टेड फ्रॉम एंटरिंग द लॅब.
७. ही रिफ्रेन्ड हिज ब्रदर फ्रॉम फाइटिंग.

आणखी एक. ‘स्टॉप हिम गोइंग’ असंही छापलेलं दिसतं, त्यात ‘फ्रॉम’ नाहीच. ते बरोबर आहे का? आणि हिंडर, हॅम्पर, इम्पीड, ऑब्स्ट्रक्ट यांत नेमका फरक काय?

---

जोडाक्षर

पहिली तीन मी घेतो, कारण तिन्ही चुकांचं मूळ इंग्रजीत नसून मराठीत आहे.

आपण ‘त्याला जायला मनाई केली’ म्हणतो आणि ‘त्याला जाण्यापासून रोखलं’ असंही म्हणतो. पहिल्यातलं ‘जायला’ डोक्यात ‘टू गो’ होऊन बसतं आणि तिथून ‘प्रिव्हेंटेड हिम टू गो’ बाहेर पडतं. दुसरं वाक्य धरलंत तर उत्तर आपसूक मिळतं: जाण्यापासून म्हणजे ‘फ्रॉम गोइंग’. ‘-ण्या’ला इंग, ‘-पासून’ला फ्रॉम. या कुळातल्या बहुतेक क्रियापदांना हा साचा लागतो:

अडवणारा + क्रियापद + अडलेला + फ्रॉम + इंग-रूप.

म्हणून पहिलं वाक्य: द रेन प्रिव्हेंटेड देम फ्रॉम रीचिंग ऑन टाइम. काळ दाखवायचा तो ‘प्रिव्हेंट’वर. ‘रीचिंग’ भूतकाळातही रीचिंगच राहतं. वाक्यरूपांतराच्या प्रश्नांत ‘फ्रॉम रीच्ड’ किंवा ‘फ्रॉम टू रीच’ असं लिहिलेलं पुष्कळ दिसतं, ते दोन्ही चूक.

टू आणि फ्रॉम लक्षात ठेवायचे तर जोड्यांनी ठेवा. अलाऊ समवन टू गो, पण प्रिव्हेंट समवन फ्रॉम गोइंग. एन्करेज टू, पण डिस्करेज फ्रॉम. पर्स्वेड टू, पण डिस्वेड फ्रॉम. परमिट टू, पण प्रोहिबिट फ्रॉम. कृतीकडे ढकलणाऱ्या क्रियापदाला टू, कृतीपासून मागे खेचणाऱ्याला फ्रॉम. याला एक ठळक अपवाद आहे, ‘फर्बिड’. त्यावर कुणीतरी लिहीलच.

दुसरं वाक्य जास्त मजेशीर, कारण ते व्याकरणात बसतं, फक्त अर्थ भलताच होतो. ‘स्टॉप’नंतरचा ‘टू’ हेतू सांगतो. ‘दे स्टॉप्ड हिम टू आस्क द वे’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे: रस्ता विचारण्यासाठी त्यांनी त्याला थांबवलं. त्याच चालीवर तुमच्या वाक्याचा अर्थ निघतो की सभागृहात शिरता यावं म्हणून रखवालदाराने त्याला थांबवलं. शिरणारा रखवालदारच! हवंय ते असं: द गार्ड स्टॉप्ड हिम फ्रॉम एंटरिंग द हॉल. एकट्या माणसाबद्दलही हाच भेद आहे. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलणं थांबवलं, ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला.

तिसऱ्यात ‘नॉट’ घुसलाय तो ‘कुत्रा बाहेर जाऊ नये म्हणून’ मधल्या ‘नये’चा. प्रिव्हेंटच्या पोटात नकार आधीच आहे. त्यावर आणखी एक ‘नॉट’ चढवला की नकाराला नकार होतो. तुमचं वाक्य सांगतं की कुत्र्याने बाहेर न जाणं तिला टाळायचं होतं, म्हणजे तो बाहेर जायलाच हवा होता. ‘नॉट’ काढून टाका: टू प्रिव्हेंट द डॉग फ्रॉम गोइंग आउट. ‘नये’ ठेवायचंच असेल तर क्रियापद बदला: सो दॅट द डॉग वुड नॉट गो आउट. दोन्ही साचे एकाच वाक्यात कोंबले की गडबड ठरलेली.

---

रफार

‘स्टॉप हिम गोइंग’ बरोबर आहे, पण अटी लागू.

ब्रिटिश इंग्रजीत स्टॉप आणि प्रिव्हेंट या दोघांनंतरचा ‘फ्रॉम’ गाळतात: नथिंग कॅन स्टॉप हिम गोइंग. दे प्रिव्हेंटेड हर लीव्हिंग. अमेरिकन लेखनात मात्र ‘फ्रॉम’ ठेवण्याकडेच कल आहे, आणि ‘प्रिव्हेंट हर लीव्हिंग’ तिकडे कानाला खटकतं. ‘फ्रॉम’ लिहिलेलं दोन्हीकडे चालतं. मग परीक्षेत किंवा पत्रात गाळायची जोखीम कशाला घ्यायची?

गाळण्याची मुभा फक्त कर्तरी वाक्यात आहे. कर्मणी झालं की ब्रिटिशांनाही ‘फ्रॉम’ लागतं. ‘शी वॉज प्रिव्हेंटेड फ्रॉम लीव्हिंग’ म्हणायचं, ‘शी वॉज प्रिव्हेंटेड लीव्हिंग’ नाही. आणि ही मुभा बॅन, बार, डिटर, डिस्करेज, डिस्वेड, प्रोहिबिट यांना मुळीच नाही.

आता ‘कीप’. इथे ‘फ्रॉम’ गाळला तर अर्थ उलटा होतो:

ही केप्ट मी फ्रॉम वर्किंग. त्याने मला काम करू दिलं नाही.
ही केप्ट मी वर्किंग. त्याने मला कामाला जुंपून ठेवलं.

एक छोटा शब्द गेला आणि रोखणारा माणूस राबवून घेणारा झाला. ‘कीप समवन वेटिंग’ म्हणजे ताटकळत ठेवणं, ते याच दुसऱ्या साच्यातलं. बाकी बोलण्यात ‘कीप फ्रॉम’ फार सोयीचं आहे. ‘प्रिव्हेंट’ जरा कागदी वाटतं. ‘आय डोन्ट वॉन्ट टू कीप यू फ्रॉम युअर वर्क’ हे रोजचं वाक्य, आणि त्यात ‘फ्रॉम’पुढे नुसतं नाम आलंय तेही पाहून ठेवा.

पाचवं वाक्य. फाइल स्वतः काही पुसत नाही, ती पुसली जाते. कृती जिच्यावर होते तीच जर कर्माच्या जागी बसली असेल, तर इंग-रूपही कर्मणी करावं लागतं: प्रिव्हेंट्स द फाइल फ्रॉम बीइंग डिलीटेड. मराठीत ‘फाइल डिलीट होण्यापासून’ म्हणतो. त्यातलं ‘होण्या’ म्हणजेच हे ‘बीइंग’. नुसतं ‘फ्रॉम डिलीटिंग’ वाचणारा पुढे विचारेल, फाइल काय डिलीट करतेय? उलट जे आपणहून घडतं तिथे ‘बीइंग’ घालायचं नाही. ‘प्रिव्हेंट द पाइप फ्रॉम फ्रीझिंग’: पाइप आपोआप गोठतो. ‘प्रिव्हेंट द पेंट फ्रॉम पीलिंग’: रंगाचे पोपडे आपोआप निघतात. पण ‘प्रिव्हेंट द बाइक फ्रॉम बीइंग स्टोलन’, कारण चोरणारा कुणी दुसरा आहे.

एक चूक तुमच्या यादीत नाही, पण माहितीपत्रकांत हमखास सापडते: ‘व्हॅक्सीन्स प्रिव्हेंट चिल्ड्रन फ्रॉम डिसीज.’ हे ‘मुलांना रोगापासून वाचवते’चं शब्दशः रूप. प्रिव्हेंटचं कर्म एक तर अनिष्ट गोष्ट असते (प्रिव्हेंट डिसीज, प्रिव्हेंट अ‍ॅक्सिडेंट्स), नाहीतर ज्याची कृती रोखायची तो कर्ता असतो, आणि मग पुढे इंग-रूप येतं. ज्याला वाचवायचं तो माणूस आणि पुढे संकटाचं नाव, हा साचा प्रोटेक्टचा: व्हॅक्सीन्स प्रोटेक्ट चिल्ड्रन फ्रॉम डिसीज. ‘फ्रॉम’ऐवजी ‘अगेन्स्ट’ही चालतं. थोडक्यात, माणूस प्रोटेक्ट करायचा, संकट प्रिव्हेंट करायचं.

---

अल्पविराम

‘फ्रॉम नॉट’चा उलटा अर्थ वाचून हसू आलं, पण आता विसरणार नाही. मग ‘फर्बिड’चं काय? आणि सहाव्या वाक्यात ‘फ्रॉम’ही आहे, इंगही आहे. त्यात काही चूक दिसत नाही.

---

उभी रेघ

‘फर्बिड’चा जुना आणि निर्धोक साचा ‘टू’चाच: द डॉक्टर फर्बेड हिम टू स्मोक. म्हणजे इथे तुमचं ‘ओढायला मनाई केली’ जसंच्या तसं बसतं. ‘फर्बिड हिम फ्रॉम स्मोकिंग’ पूर्वी अशुद्ध मानायचे, आज ते सर्रास वापरात आहे आणि शब्दकोशही नोंदवतात. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात ‘टू’ लिहिलंत तर कुणी बोट ठेवणार नाही. माणूस कर्म नसेल तर थेट नाम किंवा इंग-रूप: द रूल्स फर्बिड स्मोकिंग. रूपं फर्बिड, फर्बेड, फर्बिडन. मधल्याचा उच्चार ‘फर्बॅड’ असाही करतात, पण लिहिताना शेवटी ‘ई’ ठेवणंच बरं.

प्रोहिबिट, बॅन, बार या तिघांनाही माणसापुढे ‘फ्रॉम’ लागतं. फरक आहे तो कोण मनाई करतंय यात. प्रोहिबिट कायदा किंवा नियमावली करते. ‘स्मोकिंग इज प्रोहिबिटेड’ ही पाटी त्यामुळेच कोरडी आणि सरकारी वाटते. बॅनमध्ये कुणीतरी अधिकाराने बंदी जाहीर केलेली असते: द बोर्ड बॅन्ड हिम फ्रॉम प्लेइंग फॉर टू इयर्स. बार म्हणजे मज्जाव, दारातच आडवा दांडा घालणं: द प्रेस वॉज बार्ड फ्रॉम द मीटिंग. आणि फर्बिडमध्ये बहुतेक वेळा माणूस माणसाला बजावतो, आई-वडील, डॉक्टर, वरिष्ठ.

नाम केलं की शब्दयोगी अव्यय बदलतं, आणि इथे भले भले फसतात. क्रियापदाला ‘बॅन्ड फ्रॉम’, पण नामाला ‘अ बॅन ऑन’. ‘अ बॅन ऑफ प्लास्टिक’ नाही, ‘अ बॅन ऑन प्लास्टिक बॅग्ज’. तसंच ‘रिस्ट्रिक्शन्स ऑन ट्रॅव्हल’.

आता सहावं वाक्य. मी ते लाल शाईने खोडेन. ‘रिस्ट्रिक्ट’चा अर्थ अडवणे नाही, मर्यादेत ठेवणे आहे. त्याला ‘फ्रॉम’ नको, ‘टू’ हवं, आणि ‘टू’पुढे जी गोष्ट येते ती करायची परवानगी असते! ‘स्पीचेस आर रिस्ट्रिक्टेड टू फाइव्ह मिनिट्स’: पाच मिनिटं बोला, त्यापुढे नाही. ‘व्हिजिटर्स आर रिस्ट्रिक्टेड टू द ग्राउंड फ्लोअर’: तळमजल्यावर खुशाल फिरा, वर जायचं नाही. तुमच्या वाक्यात प्रवेश पूर्ण बंद आहे, तेव्हा ‘व्हिजिटर्स आर नॉट अलाऊड टू एंटर द लॅब’ लिहा. पाहुण्यांऐवजी जागा कर्ता केलीत तर ‘रिस्ट्रिक्ट’ही शोभतं: अ‍ॅक्सेस टू द लॅब इज रिस्ट्रिक्टेड. म्हणजे काही जणांनाच आत जाता येतं.

---

रफार

‘लाल शाई’ जरा जास्त होतेय. ‘रिस्ट्रिक्टेड फ्रॉम डुइंग’ करारांत आणि नियमांत आता बऱ्यापैकी दिसतं, आणि फक्त आपल्याकडच्या इंग्रजीत नाही. वाचणाऱ्याला अर्थही कळतो.

---

उभी रेघ

दिसतं, मान्य. कळतं, तेही मान्य. पण ज्याला साचा अजून पक्का बसलेला नाही त्याने दोन्ही एकदम शिकले तर ‘रिस्ट्रिक्टेड टू एंटरिंग’ असलं काहीतरी तयार होतं, आणि त्यातून मनाई होती की परवानगी तेच कळेनासं होतं. पाटीवर किंवा सूचनेत हा धोका का पत्करायचा? त्यामुळे आधी ‘रिस्ट्रिक्ट टू’ घट्ट करा. करार वाचताना ‘फ्रॉम’ दिसलं तर समजून घ्या, लिहायला जाऊ नका.

---

अनुस्वार

हिंडर, हॅम्पर, इम्पीड, ऑब्स्ट्रक्ट यांच्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. आधी एक कसोटी. वाक्यापुढे ‘पण शेवटी झालंच’ जोडून बघा.

‘दे प्रिव्हेंटेड हिम फ्रॉम गोइंग, बट ही वेंट.’ विसंगत. प्रिव्हेंट म्हटलं की गोष्ट घडलेलीच नाही.
‘दे फर्बेड हिम टू गो, बट ही वेंट.’ चालतं. फर्बिड, प्रोहिबिट, बॅन म्हणजे नाही म्हणणं. ऐकलं की नाही हा पुढचा भाग.
‘हेवी रेन हॅम्पर्ड द सर्च, बट दे फाउंड द बोट.’ चालतं, कारण हॅम्पर म्हणजे काम जड झालं, बंद पडलं नाही.

ही कसोटी लावली की सरळ तीन गट पडतात. काम झालंच नाही: प्रिव्हेंट, स्टॉप, कीप फ्रॉम, थ्वॉर्ट, फॉइल, अव्हर्ट, प्रिक्लूड. काम रखडलं: हिंडर, हॅम्पर, इम्पीड. नुसतं सांगून पाहिलं: फर्बिड, प्रोहिबिट, डिस्करेज. डिस्वेड मात्र पहिल्या गटाकडे झुकतं. त्यात मन वळवणं यशस्वी झालेलं असतं, म्हणून यश नसेल तर ‘ट्राइड टू डिस्वेड’ लिहावं लागतं.

‘रखडलं’ या गटाचं कर्म बहुतेक वेळा माणूस नसतं, काम असतं. प्रोग्रेस, ग्रोथ, मूव्हमेंट, रिकव्हरी, इन्व्हेस्टिगेशन, रेस्क्यू वर्क. ‘द स्ट्राइक हॅम्पर्ड हिम फ्रॉम वर्किंग’ असं लिहू नका. ‘द स्ट्राइक हॅम्पर्ड हिज वर्क’ लिहा. मराठीतही आपण ‘कामात अडथळा आला’, ‘कामाला खीळ बसली’ असंच म्हणतो, माणसाला खीळ बसत नाही.

हॅम्पर बातम्यांत कर्मणी रूपात फार येतं: रेस्क्यू वर्क वॉज हॅम्पर्ड बाय स्ट्राँग विंड्स. चित्र हातापायांत काहीतरी अडकल्याचं, मोकळेपणाने हलता न येण्याचं.

इम्पीडची व्युत्पत्ती तर सरळ पायात बेडीच घालते. लॅटिनमधल्या ‘पेस’ म्हणजे पाय या शब्दावरून ‘इम्पेदिरे’, पाय अडकवणे. पाय मोकळे करणे ते ‘एक्सपेदिरे’, त्यातून ‘एक्सपेडाइट’ म्हणजे काम वेगाने पुढे ढकलणं. इम्पीड आणि एक्सपेडाइट एकमेकांसमोर ठेवलेत की इम्पीडचा अर्थ पुन्हा शोधावा लागत नाही. वजनदार शब्द आहे, अहवालात शोभतो, गप्पांत नाही.

ऑब्स्ट्रक्टमध्ये मूळ धातू बांधण्याचा आहे, ‘स्ट्रक्चर’मधलाच. वाटेत काहीतरी उभं केलंय. म्हणून त्याचं कर्म वाट, दृश्य, प्रवाह: द पिलर ऑब्स्ट्रक्ट्स द व्ह्यू. अ फॉलन ट्री वॉज ऑब्स्ट्रक्टिंग द रोड. माणसाबद्दल वापरलं की मुद्दाम खोडा घालण्याची छटा येते आणि ते कायद्याच्या भाषेत शिरतं: ऑब्स्ट्रक्ट द पोलीस, ऑब्स्ट्रक्ट जस्टिस. ब्लॉक त्याचाच साधा, रोखठोक भाऊ. फरक इतकाच की ब्लॉकमध्ये वाट पुरती बंद झाल्याचा भास होतो. नळी ब्लॉक होते, नंबर ब्लॉक करतात, आणि कोर्ट एखादा निर्णय ब्लॉक करतं. माणूस कर्म असेल तर ‘ब्लॉक समवन फ्रॉम डुइंग’.

हिंडर या सगळ्यांत ढोबळ. ‘बिहाइंड’मधल्या ‘हाइंड’चं सगं, म्हणजे मागे ठेवणं. ‘हिंडर समवन फ्रॉम डुइंग’ हा साचा शुद्ध आहे, त्यामुळे चौथं वाक्य ‘द नॉइज हिंडर्ड हिम फ्रॉम स्टडीइंग’ असं दुरुस्त होईल. पण कुणी सहसा असं म्हणत नाही. ‘द नॉइज मेड इट हार्ड फॉर हिम टू स्टडी’ हे जास्त नैसर्गिक. अभ्यास झालाच नसेल तर ‘केप्ट हिम फ्रॉम स्टडीइंग’. आणि बोलण्यात या अख्ख्या गटाची जागा ‘गेट इन द वे ऑफ’ एकटंच घेतं: डोन्ट लेट इट गेट इन द वे ऑफ युअर स्टडीज. कुठे वाहतुकीत किंवा कामात खोळंबा झाला असेल तर त्याला ‘हेल्ड अप’: शी वॉज हेल्ड अप इन ट्रॅफिक. तिथे ‘हिंडर्ड’ लिहिलं तर वाक्य कागदावरून उठून आल्यासारखं दिसतं.

नामाचं स्पेलिंग सांभाळा: हिंडरमधला ‘ई’ ‘हिंड्रन्स’ या नामात गळतो, पण हिंडर्डमध्ये राहतो. आणि डिटर्ड, बार्ड यांत ‘आर’ दोनदा, हिंडर्ड, हॅम्पर्डमध्ये एकदाच, कारण तिथे उच्चाराचा जोर शब्दाच्या पहिल्या भागावर आहे.

शेवटची गोम नामांची. ऑब्स्टॅकल, बॅरिअर, हिंड्रन्स, इम्पेडिमेंट या सगळ्यांपुढे ‘टू’ येतं, आणि तो ‘टू’ क्रियापदाचा नाही, शब्दयोगी आहे. म्हणून ‘अ बॅरिअर टू लर्न’ नाही, ‘अ बॅरिअर टू लर्निंग’. ‘टू’ दिसला की पुढे मूळ रूप, ही शाळेतली सवय इथे दगा देते.

जाता जाता, ‘लेट’ म्हणजे परवानगी देणे हे ठाऊक असतं, पण जुन्या इंग्रजीत अगदी तसाच दिसणारा दुसरा एक ‘लेट’ होता, अर्थ नेमका उलटा: अडथळा. तो आज जवळपास मेला, मुख्यतः ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या जोडशब्दात तग धरून आहे. ब्रिटिश पासपोर्टवर आणि भारतीय पासपोर्टवरही तो छापलेला असतो: या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या.

---

जोडाक्षर

सातवं वाक्य राहिलं. रिफ्रेन अकर्मक आहे, ते स्वतःला आवरण्यासाठी: ही रिफ्रेन्ड फ्रॉम फाइटिंग. दुसऱ्याला आवरायचं असेल तर रिस्ट्रेन: ही रिस्ट्रेन्ड हिज ब्रदर फ्रॉम फाइटिंग. यात धरून ठेवल्याचं, बळ वापरल्याचं चित्र आहे. नुसतं समजावलं असेल तर ‘डिस्वेडेड’.

असाच घोळ अव्हॉइडचा. ते टाळणे आहे, आणि टाळणारा स्वतःच असतो. पुढे थेट इंग-रूप, ‘टू’ नाही, ‘फ्रॉम’ही नाही: शी अव्हॉइडेड मीटिंग हिम. ‘शी अव्हॉइडेड हिम टू कम’ हे इंग्रजीच नाही. येणारं संकट परतवलं तर अव्हर्ट: द पायलट अव्हर्टेड अ डिझास्टर. दुसऱ्याचा डाव हाणून पाडला तर थ्वॉर्ट किंवा फॉइल, कर्म बहुतेक वेळा प्लॅन, प्लॉट, अटेम्प्ट असलं काहीतरी.

डिटरही वेगळं काढा. त्याच्या मुळात भीती आहे, ‘टेरर’चाच धातू. परिणामांच्या धास्तीने माणूस मागे सरतो. कॅमेरा चोराला डिटर करतो, कुलूप प्रिव्हेंट करतं. कॅमेऱ्याखाली ‘प्रिव्हेंट्स थेफ्ट’ लिहिणं म्हणजे नसलेली हमी देणं.

---

अल्पविराम

सगळं वापरून बघायला एक सूचना लिहिली आहे. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारावर लावायची आहे असं समजा.

‘डू नॉट ब्लॉक धिस डोअर. बॉक्सेस केप्ट हिअर विल हिंडर पीपल टू लीव्ह. स्टाफ आर बॅन्ड टू स्टोअर एनीथिंग इन द पॅसेज. धिस रूल प्रिव्हेंट्स एव्हरीवन फ्रॉम इन्जरी.’

---

अनुस्वार

पहिलं वाक्य चोख, हात लावू नका.

दुसऱ्यात ‘टू लीव्ह’ परत आलाच. पण ‘हिंडर पीपल फ्रॉम लीव्हिंग’ करूनही ते ढिलंच राहतं. खोके वाट पुरती बंद करतात की नुसता वेग कमी करतात, ते ठरवा. वाट बंद होणार असेल तर ‘विल स्टॉप पीपल फ्रॉम गेटिंग आउट’, अडखळायला होणार असेल तर ‘विल स्लो पीपल डाउन’. दारावरच्या सूचनेत ‘इम्पीड’ नको, धावताना वाचायचा शब्द नाही तो.

तिसऱ्यात ‘बॅन्ड टू’ चूक, ‘बॅन्ड फ्रॉम स्टोअरिंग’ शुद्ध, पण सूर बिघडतो. ‘बॅन्ड’ म्हटलं की शिक्षा झाल्यासारखं वाटतं, जणू आधी काही गुन्हा केलाय. ‘डू नॉट स्टोअर एनीथिंग इन द पॅसेज’ पुरे.

चौथं वर रफार यांनी सांगितलं तेच: माणूस प्रोटेक्ट होतो, इन्जरी प्रिव्हेंट होते. एक तर ‘प्रोटेक्ट्स एव्हरीवन फ्रॉम इन्जरी’, नाहीतर ‘प्रिव्हेंट्स इन्जरीज’. खरं तर हे वाक्य गाळलंत तरी चालेल.

---

उभी रेघ

आणि प्रत्यक्ष पाटीवर बहुधा इतकंही नसतं. इंग्रजीत अशा दारावर अनेकदा ‘फायर एक्झिट, कीप क्लिअर’ एवढंच लिहितात. ‘कीप’ पुन्हा आलाच, या खेपेला ‘फ्रॉम’शिवाय, कारण इथे कुणाला रोखायचं नाही, वाट मोकळी ठेवायची आहे.